पूर्णांकांची विभाजने : लघुतम भागावरील निर्बंध

एखादा धन पूर्णांक एक किंवा अधिक धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात मांडणे, याला त्याचे विभाजन म्हणतात. बेरजेतील प्रत्येक संख्या हा विभाजनाचा भाग होय. भागांचा क्रम विचारात घेत नाहीत. उदा., ५ ची विभाजने ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१ व १+१+१+१+१ अशी सात आहेत. सर्वांत लहान भाग अमुक संख्येहून कमी नसावा, ही अट वरवर पाहता किरकोळ वाटते. तथापि विभाजने मोजण्याची एक सोपी रीत आणि या विषयातील एक अत्यंत प्रसिद्ध प्रमेय, ही दोन्ही तिच्याशी निगडित आहेत.

विभाजनांच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ स्विस गणितज्ञ लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी केला. ५० ही संख्या सात भिन्न संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येईल, असा प्रश्न बर्लिनचे फिलिप नोदे यांनी १७४० मध्ये त्यांना पत्राने विचारला होता. उत्तर ५२२ असे आहे. ऑयलर यांनी अनंत गुणाकाराचा विस्तार करून त्यातील सहगुणकांवरून विभाजनांची संख्या वाचण्याची युक्ती योजिली आणि १७४८ मधील आपल्या विश्लेषणावरील ग्रंथात या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले.

लघुतम भागावरील निर्बंधाचा विचार मात्र अनंत गुणाकाराशिवायही करता येतो. ज्या विभाजनात १ हा भाग आहे त्यातून एक १ काढून टाकला, तर मूळ संख्येहून एकाने लहान असलेल्या संख्येचे विभाजन उरते. म्हणून १० च्या ४२ विभाजनांपैकी १ असलेली विभाजने ९ च्या विभाजनांइतकी, म्हणजे ३० आहेत व १ नसलेली १२ आहेत. हीच क्रिया पुढे २ साठी करता येते. लघुतम भाग २ किंवा अधिक असलेली ८ ची विभाजने २२−१५=७ आहेत; तेव्हा लघुतम भाग ३ किंवा अधिक असलेली १० ची विभाजने १२−७=५ होतात. ती १०, ७+३, ६+४, ५+५ व ४+३+३ ही होत. अशा रीतीने पायरीपायरीने कोणताही कोष्टक तयार करता येतो.

सर्व भाग एकामागून एक वर्ज्य करीत गेल्यास ऑयलर यांच्या पंचकोनी संख्यांच्या प्रमेयातील गुणाकार मिळतो. त्याच्या विस्तारात बहुतेक पदे परस्परांना छेदतात, हे ऑयलर यांना बराच काळ केवळ पडताळ्याने ठाऊक होते. सिद्धता त्यांना १७५० मध्ये साधली. या प्रमेयाच्या आधारे पी. ए. मॅकमॅहन (१८५४–१९२९) यांनी २०० पर्यंतच्या संख्यांचे कोष्टक हाताने तयार केले. २०० ची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ आहेत. त्यांपैकी १ हा भाग नसलेली जेमतेम ८ टक्के भरतात.

या निर्बंधाचे खरे महत्त्व पुढील प्रमेयात दिसते. ज्यांच्या कोणत्याही दोन भागांत निदान २ चा फरक आहे अशा विभाजनांची संख्या, ५ ने भागल्यास १ किंवा ४ बाकी उरणाऱ्या भागांच्या विभाजनांइतकी असते. आता लघुतम भाग १ नसावा एवढीच अट वाढविली, तर दुसऱ्या बाजूला २ किंवा ३ बाकी उरणारे भाग येतात. उदा., १० साठी एका बाजूला १०, ८+२, ७+३, ६+४ व दुसऱ्या बाजूला ८+२, ७+३, ३+३+२+२, २+२+२+२+२ अशी प्रत्येकी चार विभाजने आहेत. एका भागावरील बंदीने दुसऱ्या बाजूचे भाग पूर्णपणे बदलावेत, यामागे कोणतेही उघड कारण दिसत नाही.

या दोन्ही समानता लीड्स येथील एल्. जे. रॉजर्स (१८६२–१९३३) यांनी १८९४ मध्ये श्रेढींच्या रूपात सिद्ध केल्या होत्या. परंतु त्या निबंधाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांना त्या इंग्लंडला जाण्यापूर्वीच स्वतंत्रपणे गवसल्या होत्या, मात्र सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. जी. एच्. हार्डी यांनाही ती देता आली नाही. मॅकमॅहन यांनी १९१६ मध्ये या समानतांचा विभाजनांच्या भाषेत अर्थ लावून त्या सिद्धतेविनाच छापल्या. पुढच्या वर्षी लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्ताचे जुने खंड चाळताना रामानुजन यांच्या दृष्टीस रॉजर्स यांचा निबंध योगायोगाने पडला. महायुद्धामुळे इंग्लंडशी संपर्क तुटलेल्या जर्मनीत इसाय शूर (१८७५–१९४१) यांनीही १९१७ मध्येच स्वतंत्र सिद्धता दिली. रॉजर्स व रामानुजन यांच्या नव्या सिद्धता १९१९ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या. रॉजर्स यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व १९२४ मध्ये मिळाले. मूळ निबंधाला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

बॅसिल गॉर्डन यांनी १९६१ मध्ये प्रमेयाचा विस्तार केला. त्यात १ वर पूर्ण बंदी नसून तो किती वेळा येऊ शकतो यावर मर्यादा आहे. जॉर्ज अँड्रूज यांनी २००८ मध्ये प्रश्नाला निराळे वळण दिले : एखाद्या संख्येच्या सर्व विभाजनांत लघुतम भाग एकूण किती वेळा येतो, हे त्यांनी मोजले. ४ साठी ही संख्या १०, ५ साठी १४ व ६ साठी २६ आहे. ४ पासून पाच-पाचच्या अंतराने येणाऱ्या संख्यांसाठी ती ५ ने, ५ पासून सात-सातच्या अंतराने ७ ने आणि ६ पासून तेरा-तेराच्या अंतराने १३ ने नेहमी विभाज्य असते, असे त्यांनी सिद्ध केले. यांपैकी ५ व ७ चे नियम रामानुजन यांनी साध्या विभाजनसंख्यांसाठी शोधलेल्या नियमांशी जुळतात. १३ चा नियम तेथे आढळत नाही.