निलोखेडीची वसाहत

मराठी माणसाला कर्नालच्या आसपासचा मुलूख ठाऊक असतो तो रणभूमी म्हणून. ऑक्टोबर 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी जिंकून घेतलेले कुंजपुरा कर्नालपासून पाचसहा मैलांवर आहे. दक्षिणेस वीसेक मैलांवर पानिपत आणि उत्तरेस तितक्याच अंतरावर कुरुक्षेत्र. या दोहोंच्या मध्ये तरावडी नावाचे एक गाव लागते. 1191 आणि 1192 साली पृथ्वीराज चौहान व महंमद घोरी यांच्या ज्या दोन लढाया झाल्या, त्या येथेच झाल्या असे सामान्यतः मानले जाते. एवढ्याशा पट्ट्यात इतक्या सेना येऊन गेल्या, की येथे कोणी गहू पिकवीत असेल, गुरे राखीत असेल, घर शाकारीत असेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही. तरावडीच्या पुढे, कर्नालपासून दहाबारा मैलांवर, दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत निलोखेडी आहे. या गावाचा कोणत्याही लढाईशी संबंध नाही. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांना शहराच्या गर्दीत न लोटता, शेतीवर जगणाऱ्या एका लहानशा शहराच्या शेजारी, परवडेल अशा खर्चात आणि तरीही माणसासारखे राहता येईल का, या प्रश्नाचे उत्तर 1948 साली येथे शोधले गेले.

या जागेचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे, कारण वसाहतीला जमीन मिळाली ती त्या इतिहासामुळेच. यमुनेचा पश्चिम कालवा हा मूळचा फिरोजशाह तुघलकाच्या काळचा. शहाजहानच्या कारकिर्दीत अली मर्दानखानाने त्याचा विस्तार केला, पुढे तो बुजला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तो पुन्हा वाहता केला. पाणी आले, पण ते वाहून जाण्याच्या वाटा बंद झाल्या. सखल जमिनीत पाणी तुंबून राहू लागले आणि पाण्यामागोमाग हिवताप आला. कर्नालला इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. तापाने सैनिक इतके जर्जर झाले, की 1840 नंतरच्या दोनतीन वर्षांत ती छावणीच मोडून अंबाल्याकडे हलवावी लागली. त्यानंतर डेम्प्स्टर नावाच्या लष्करी डॉक्टराने कालव्याकाठच्या गावांतून हिंडून रहिवाशांच्या पोटावर हात ठेवून वाढलेल्या प्लीहा मोजल्या. ज्या गावी पाणी तुंबलेले, त्या गावी प्लीहा वाढलेली, असे त्याला आढळले. हिवतापाचा जंतू व त्याचा डासाशी असलेला संबंध यांचा शोध लागण्यापूर्वी कित्येक दशके हे काम झाले होते, हे विशेष. पुढे कालव्याची आखणी सुधारण्यात आली. तरीही या भागात पाणथळ, झाडोऱ्याने भरलेली, कोणाला फारशी नको असलेली जमीन 1947 पर्यंत शिल्लक होतीच. स्वस्त जागा जगात कोठेही विनाकारण स्वस्त नसते.

फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून आलेल्या लोकांसाठी कुरुक्षेत्र येथे देशातील सर्वांत मोठी छावणी उभी राहिली. एक लाख माणसांसाठी आखलेल्या त्या तंबूंच्या नगरात पुढे तीन लाख माणसे येऊन राहिली. आकाशवाणीच्या इतिहासात या छावणीला वेगळे स्थान आहे. 12 नोव्हेंबर 1947 रोजी, दिवाळीच्या दिवशी, महात्मा गांधी दिल्लीच्या ध्वनिक्षेपणगृहात आले आणि कुरुक्षेत्रातील निर्वासितांशी बोलले. तेथे ते आले ते एकदाच. लाखो माणसे तंबूंतून थंडीत बसलेली आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचे साधन म्हणजे ध्वनिक्षेपक, असा तो प्रसंग होता.

ज्यांची पश्चिमेकडे शेती होती, त्यांच्या पुनर्वसनाचा मार्ग कठीण असला तरी स्पष्ट होता. तिकडे सोडून आलेली जमीन अधिक, इकडे उपलब्ध झालेली कमी. म्हणून तरलोकसिंग या सनदी अधिकाऱ्याने ‘प्रमाण एकर’ हे माप ठरविले आणि चढत्या कपातीचे कोष्टक बसविले. पहिल्या दहा एकरांवर शेकडा 25 कपात, आणि पाचशे एकरांच्या वरच्या जमिनीवर शेकडा 95. लहान शेतकऱ्याचे कमी आणि जमीनदाराचे अधिक कापणारी ही व्यवस्था शासकीय कारभारातील एक उत्तम काम म्हणून गणली जाते. परंतु ज्यांच्या नावावर तिकडे एक बिघाही नव्हता, त्यांना या कोष्टकाचा काय उपयोग? दुकानदार, कारागीर, कारकून, शिंपी, मजूर अशी ही माणसे दिल्लीच्या पदपथांवर तरी बसणार, किंवा छावणीच्या शिध्यावर तरी जगणार. पंजाबी निर्वासितांना ‘शरणार्थी’ हा शब्द झोंबत असे. ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे ते म्हणत. पण पुरुषार्थ दाखवायला जागा हवी.

ती जागा काढली सुरेंद्रकुमार डे यांनी. डे हे मूळचे सिल्हट जिल्ह्यातले, 1906 चा जन्म. त्यांची स्वतःची जन्मभूमीही फाळणीने परदेश झाली होती. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आलेला आणि क्ष-किरण यंत्रांच्या व्यापारात स्थिरावलेला हा गृहस्थ कुरुक्षेत्रात येऊन पडला, तो छावणीतल्या रिकाम्या हातांना काम शिकविण्यासाठी. तेथे त्यांनी व्यवसायशिक्षणाचे केंद्र चालविले. जुलै 1948 मध्ये ते केंद्र निलोखेडीच्या 1,100 एकर दलदलीच्या जमिनीवर हलविण्यात आले आणि त्याच्या भोवती सुमारे सात हजार निर्वासितांची वसाहत उभी राहू लागली. योजनेला नाव दिले ‘मजदूर मंजिल’. जो श्रम करणार नाही त्याला अन्न नाही, हे तिचे सूत्र. काल गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याने आज फावडे उचलायचे, हे ऐकायला सोपे आहे. ज्या समाजात अंगमेहनत हा खालच्या माणसाचा धर्म समजला जातो, तेथे हे सूत्र अमलात आणणे म्हणजे माणसाला दुसऱ्यांदा निर्वासित करण्यासारखेच होते. पहिल्यांदा गावातून, दुसऱ्यांदा प्रतिष्ठेतून.

डे यांचा विचार थोडक्यात असा होता. खेड्यातली संपत्ती आणि खेड्यातली बुद्धी दोन्ही शहराकडे वाहून जातात, आणि शहरात गेलेला गरीब मनुष्य आपल्या मिळकतीचा मोठा वाटा निवाऱ्यापायी घालवितो. उलट नुसत्या खेड्यात शाळा नाही, दवाखाना नाही, शेतीवाचून धंदा नाही. तेव्हा शंभरेक खेड्यांच्या मध्यभागी एक लहान नगर वसवावे. त्याने खेड्यांना अवजारे, दुरुस्ती, शिक्षण आणि औषध पुरवावे, खेड्यांनी त्याला धान्य, दूध आणि गिऱ्हाईक द्यावे. त्याप्रमाणे निलोखेडीत शाळा निघाली, तंत्रशिक्षणाचे केंद्र निघाले, शेतीचे क्षेत्र, दुग्धशाळा, कुक्कुटपालन, वराहपालन, फळबाग, छापखाना, कपडे शिवण्याचा कारखाना, यंत्रशाळा आणि साबणाचा कारखाना निघाला. आपल्या आवडीचा धंदा शिकायचा आणि त्याच धंद्यावर वसाहतीत जगायचे. व्यवहार शक्यतो सहकारी पद्धतीने करावयाचा. भोवतालची शंभर खेडी पुढे या योजनेला जोडण्यात आली.

पंडित नेहरू निलोखेडी पाहून फार प्रसन्न झाले आणि अशा वसाहती देशभर व्हाव्यात असे त्यांनी मनावर घेतले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यातील महेवा भागात आल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुविशारदाच्या प्रेरणेने खेड्यांच्या सुधारणेचा दुसरा प्रयोग सुरू झाला होता. या दोन प्रयोगांच्या अनुभवाला 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशव्यापी रूप आले. त्या दिवशी 55 सामूहिक विकास योजनांचा आरंभ झाला. प्रत्येक योजनेत सुमारे 300 खेडी आणि दोन लाख लोकवस्ती, आणि प्रत्येक योजनेचे शंभर-शंभर खेड्यांचे तीन गट. या कार्याची सूत्रे डे यांच्याकडे सोपविण्यात आली आणि 1956 मध्ये ते त्याच खात्याचे मंत्री झाले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘गटविकास अधिकारी’ अशी पाटी दिसते. त्या पाटीतला ‘गट’ हा शब्द आणि त्यामागची शंभर खेड्यांची कल्पना यांची एक वाट शोधीत गेले, तर ती कर्नालच्या दलदलीपर्यंत जाऊन पोचते. फार थोड्या लोकांना हे माहीत असते.

आता निलोखेडी स्वतः यशस्वी झाली काय? या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. स्वयंपूर्ण नगर म्हणून ती टिकली नाही. सात हजारांच्या वस्तीने आपलाच साबण, आपलेच कपडे आणि आपलेच दूध वापरून जगावे, ही कल्पना रम्य आहे. पण वसाहत हमरस्त्यावर होती आणि रस्ता दोन्ही बाजूंनी उघडा होता. कर्नालच्या बाजारात तोच जिन्नस दोन पैशांनी स्वस्त मिळाला, तर सहकारी दुकानाचा सभासदही तिकडे जाणार. त्यात कोणता अधर्म? शिवाय आरंभीचा खर्च पुनर्वसन खात्याने केला होता. असा आधार ज्यांना कधी मिळाला नाही, त्या भोवतालच्या खेड्यांना हे नगर आपले वाटावे, ही अपेक्षा थोडी जास्तच होती. आणि जो पुरुष या सर्वांचा प्राण होता, तो चार वर्षांत दिल्लीला गेला. एका माणसाच्या तळमळीवर उभारलेल्या संस्थांचे असे होणे आपल्याकडे नवे नाही. कालांतराने बहुतेक सहकारी कारखाने मूळ स्वरूपात उरले नाहीत, आणि निलोखेडीची नक्कल देशात गावोगावी झाली असे तर मुळीच झाले नाही. 1952 नंतर पसरला तो गट. नगर मागे राहिले. नगर वसवायला पैसा लागतो, गटाला एक कचेरी, एक जीप आणि काही ग्रामसेवक पुरतात, हे त्याचे कारण असावे.

तथापि राहण्याची जागा म्हणून पाहिले, तर निकाल वेगळा द्यावा लागतो. दलदल आटली, हिवताप हटला, आणि छावणीतून आलेल्या माणसांच्या मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर शाळा आणि तंत्रविद्यालय मिळाले. आगगाडी 1891 पासून दिल्ली-अंबाला मार्गावरून धावतच होती, तिचे स्थानक गावातच. कर्नालही पुढे वाढत गेले. 1955 साली राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था बंगलोरहून तेथे आली, 1969 साली क्षारयुक्त जमिनींच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि हरितक्रांतीने या मुलखाला गहू व तांदळाचे कोठार बनविले. 1966 मध्ये हरियाणा वेगळे राज्य झाले. शेजारचे शहर शेतीवर भरभराटले, म्हणून जवळच्या लहान गावात राहणाऱ्यालाही रोजगार मिळाला. डे यांनी कल्पिलेली खेडी आणि नगर यांची देवघेव घडली, पण सहकारी भांडाराच्या हिशेबवहीतून नव्हे. धान्याच्या मंडीतून, यंत्रदुरुस्तीच्या दुकानांतून आणि रस्त्यावरच्या वाहतुकीतून. 2011 च्या जनगणनेतही निलोखेडीची वस्ती वीस हजारांच्या आतच होती. ज्या नगराला मोठे व्हावयाचेच नव्हते, त्याच्या बाबतीत ही नोंद अपयशाची समजण्याचे कारण नाही. दिल्लीच्या अधिक जवळ असलेली निर्वासितांची दुसरी वसाहत, फरीदाबाद, औद्योगिक महानगर होऊन बसली. तेथे आज राहणे स्वस्तही नाही आणि ग्रामीणही नाही.

ज्या पाण्यापायी येथली छावणी एके काळी उठली, त्याच पाण्याची आता या मुलखाला ओढ लागली आहे. भातासाठी नलिकाकूप खोल खोल जात आहेत. 15 जूनपूर्वी भाताची लावणी करू नये, असा कायदा हरियाणाला 2009 साली करावा लागला. निलोखेडीत हरियाणा सरकारची ग्रामविकास प्रशिक्षण संस्था आहे. खेड्यांच्या विकासाचे काम करणारे कर्मचारी आणि पंचायतींचे सभासद तेथे शिकण्यासाठी येतात.