कोळशापासून गॅस बनवणारी भट्टी आधी कॉम्प्युटरवर का पेटवतात? जाणून घ्या सोप्या भाषेत

चंद्रपूर, वणी, उमरेड भागात कोळसा म्हणजे खाण आणि वीज केंद्र, हेच समीकरण आहे. पण हाच कोळसा पूर्ण न जाळता त्याचा गॅसही करता येतो. केंद्र सरकारनं 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचं गॅसीकरण करण्याचं लक्ष्य ठेवलंय. त्यासाठी जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली.

गॅसिफायर म्हणजे काय?
गॅसिफायर ही बंद भट्टी असते. तिच्यात कोळशाला ऑक्सिजन मुद्दाम कमी देतात आणि वाफ सोडतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण मिळतं, त्याला सिनगॅस म्हणतात. सिनगॅसपासून मिथेनॉल, अमोनिया आणि पुढे युरिया बनतो. ओडिशातल्या तालचेर खत प्रकल्पाची आखणी याच पद्धतीवर, वर्षाला 12.7 लाख टन युरियासाठी झाली आहे.

अडचण कुठे आहे?
अडचण राखेची आहे. भारतीय कोळशात राख बऱ्याचदा 30 ते 45 टक्के असते. उष्णता जास्त झाली की राख मऊ होऊन तिचे गठ्ठे बनतात आणि भट्टी तुंबते. उष्णता कमी पडली तर कोळसा न वापरताच राखेबरोबर बाहेर जातो. आत डोकावून बघायची सोय नसते आणि चूक झाली तर नुकसान कोट्यवधींचं.

कॉम्प्युटर काय करतो?
• भट्टीच्या आतल्या जागेचे लाखो छोटे कप्पे पाडतो.
• प्रत्येक कप्प्यात गॅस, कोळशाचे कण आणि उष्णता कुठून कुठे जाते, याचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडतो.
• कुठला भाग जास्त तापेल, ऑक्सिजन आणि वाफ किती द्यावी, तोंड कुठे ठेवावं, हे बांधकामाआधीच दाखवतो.

यासाठी कोळशातली राख, ओलावा आणि कार्बन यांचे आकडे प्रयोगशाळेतून घ्यावे लागतात. खाण बदलली की आकडे बदलतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेनं बनवलेलं ‘एमफिक्स’ हे सॉफ्टवेअर अशा कामासाठी मोफत मिळतं.

मग मॉडेलवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का?
नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या केम्पर प्रकल्पाचा खर्च सुमारे 750 कोटी डॉलरवर गेला, तरी जून 2017 मध्ये तिथलं गॅसीकरण थांबवावं लागलं. मॉडेल भट्टीतलं गणित सांगतं, पण पाइपची गळती, रखडलेलं काम आणि वाढता खर्च त्या गणितात येत नाही. म्हणून आधी छोटी भट्टी चालवून मॉडेलचे आकडे पडताळतात. 2021 मध्ये हैदराबादला ‘भेल’नं जास्त राखेच्या कोळशापासून मिथेनॉल करून दाखवलं, तेही दिवसाला फक्त पाव टन.

हे लक्षात ठेवा: कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, पण तो जीव घेतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर होणारा घात याच वायूचा. त्यामुळे आपल्या भागात असा प्रकल्प येणार असेल तर जनसुनावणीत तीन गोष्टी नक्की विचारा: गळती कळण्याची सोय काय, राख कुठे टाकणार आणि पाणी कुठून घेणार?