उडुपीच्या पर्यायातील अन्नव्यवस्था

उडुपीच्या श्रीकृष्णमठातील पर्यायोत्सवाची वर्णने पुष्कळांनी ऐकली असतील. परंतु त्या दिवशी ज्या पंक्तीमागून पंक्ती उठतात, त्यांच्या पाकाची सिद्धता सुमारे वर्षभर आधी आरंभिली जाते, इकडे लक्ष थोड्यांचेच जाते.

श्रीमध्वाचार्यांनी तेराव्या शतकात पूजेचा भार आपल्या शिष्यांच्या आठ मठांवर सोपविला. प्रत्येकाची पाळी दोन महिन्यांची असे. सोळा महिन्यांनी ती फिरून येई. पुढे श्रीवादिराजतीर्थांनी ही मुदत दोन वर्षांची केली. परंपरेप्रमाणे हा क्रम १५२२ साली पलिमार मठापासून सुरू झाला. (गोमंतकातील पर्तगाळी मठाच्या गुरुपरंपरेचे मूळ याच मठाशी जोडलेले आहे.) या बदलाने स्वामींस तीर्थाटन व धर्मप्रसार यांसाठी चौदा वर्षे मोकळी मिळाली, असे सर्वजण सांगतात, व ते खरेही आहे. परंतु कोठीच्या बाजूने पाहिले असता भार वाढलाच. दोन महिन्यांचा सिधा जमविणे निराळे आणि दोन वर्षे नित्य येईल त्यास जेवू घालणे निराळे!

या भाराची कल्पना चार पूर्वमुहूर्तांवरून येते. प्रथम 'बाळे मुहूर्त', म्हणजे केळीची लागवड; हजारो पाने व फळे आयत्या वेळी कोठून आणावयाची? त्यानंतर 'अक्की मुहूर्ता'स तांदूळ, 'कट्टिगे मुहूर्ता'स सरपण आणि शेवटी 'भत्त मुहूर्ता'स भात. यांपैकी सरपणाचा थाट विशेष प्रेक्षणीय असतो. फोडलेली लाकडे मध्वसरोवराजवळ रथाच्या आकारात रचतात. नवख्या यात्रेकरूस तो देवाचाच रथ वाटावा; वस्तुतः तो चुलीत जावयाचा असतो.

तांदळाची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. पूर्वी मठांच्या जमिनी कुळे कसत व खंडाचा भात कोठीत येई. कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्याने १ मार्च १९७४ पासून कुळांकडील जमिनी सरकारजमा होऊन पुढे कुळांच्या मालकीच्या झाल्या. कसणाऱ्यास न्याय मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मठांचा अन्नाचा मूळ झरा आटला. तेव्हापासून 'होरेकाणिके'चे महत्त्व फार वाढले. गावोगावचे भक्त तांदूळ, नारळ, भाजीपाला वाहनांत भरून मिरवणुकीने आणतात आणि कोठीत रिचवितात.

सम वर्षी १८ जानेवारीच्या पहाटे मावळते स्वामी नूतन स्वामींच्या स्वाधीन तीन वस्तू करितात : गर्भगृहाच्या किल्ल्या, अक्षयपात्र आणि वाढावयाचा डाव.