धुरातला वायू धरताना

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधासारखी पांढरी होते, हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत केला असेल. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायू, चुना धरून ठेवतो. स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकाच्या मध्यास या वायूचा अभ्यास केला. पण चुन्याची पकड मोठी चिवट. वायू सोडवायचा तर चुनखडी नऊशे अंशांच्या घरात भाजावी लागते! कारखानदारांना हवा होता असा द्रव, की जो वायू धरील आणि थोडक्या तापावर सोडीलही.

तो मार्ग १९३० साली खुला झाला. अमेरिकेत लुइव्हिल येथील गर्डलर कॉर्पोरेशनच्या रॉबर्ट बॉटम्स याने अमाइन वर्गातल्या द्रव्यांचे पेटंट मिळवले. अमाइन म्हणजे अमोनियाचे भाऊबंद. उंच मनोऱ्यात वरून अमाइनचे पाणी झिरपू द्यायचे, खालून वायू सोडायचा. चाळीसेक अंशांवर ते पाणी कर्बाम्ल वायू उचलते. दुसऱ्या मनोऱ्यात एकशेवीस अंशांपर्यंत तापवले की वायू सुटतो, आणि पाणी निववून पुन्हा कामाला जुंपता येते. त्या वेळी हवामानाची काळजी कुणाला होती? इंधनवायू शुद्ध करायचा, एवढीच गरज.

काळजी मागाहून आली. नॉर्वेने १९९१ साली कर बसवला आणि १९९६ पासून स्लाइप्नर क्षेत्रात अमाइनने वेगळा काढलेला वायू समुद्रतळाखाली गाडला जाऊ लागला. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीजकेंद्रात २०१४ साली हीच रीत कोळशाच्या धुराला लावली.

बरं, मग अडतं कुठे? वाफेपाशी. नेहमीच्या मिश्रणात शंभरात सत्तर भाग पाणीच. तेही दर फेरीला तापवायचे. कोळशाच्या केंद्राची सुमारे पाव शक्ती यात खर्ची पडू शकते. आपल्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट. तिथे हे करायचे म्हटले तर सातशे मेगावॉटवर पाणी सोडावे लागेल.

इथे नॅनोकणांचा प्रवेश होतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९९५ साली अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी असे कण मिसळलेल्या द्रवांना ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. त्यांचा रोख उष्णता वाहून नेण्यावर होता. पुढे संशोधकांनी सिलिका, ॲल्युमिना, टिटॅनिया यांचे कण अमाइनमध्ये घालून पाहिले. मुंगीने साखरेचा दाणा वारुळात न्यावा, तसा कण वायूला अंगाला चिकटवून द्रवात आत नेतो. बुडबुडेही बारीक होतात.

वायू लवकर उचलला जातो हे चांगलेच. पण माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्या मनोऱ्यात आहे. तापलेल्या द्रवात कणांच्या आधाराने बुडबुडे लवकर धरतात आणि वायू लवकर सुटतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेवढी वाफ वाचली तरच खर्च उतरेल. मात्र कण जास्त झाले की द्रव दाट होतो आणि फायदा उलटतो. शिवाय ते एकमेकांना बिलगून तळाशी बसतात. ते सुटे राहावेत म्हणून साबणासारखे द्रव्य घालावे, तर मनोऱ्यात फेस चढतो.