प्राण वाचले, पुढे काय?

वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रवैद्यांची नावे ठळक दिसतात; रुग्ण मात्र आकड्यांत हरवतात. म्हणूनच मला टेरीस लॅसर या बाईंचे मोल फार वाटते.

अमेरिकेत डॉ. विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १८९४ साली प्रसिद्ध केला. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढीत. ही रीत कित्येक दशके चालली. बाई जगली, की डॉक्टर कृतार्थ! पण नवऱ्याजवळ पुन्हा कसे जावे, हे तिने कोणाला विचारायचे?

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये लॅसरबाईंवर अशीच शस्त्रक्रिया झाली. बऱ्या झाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. इस्पितळांतून नव्या रुग्णांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. बरोबर हाताच्या व्यायामासाठी चेंडू नि दोरी, तात्पुरता कृत्रिम स्तन, आणि घरी परतणाऱ्या बाईला हवे असलेले धीराचे चार शब्द. काही शल्यविशारदांना ही लुडबूड खपली नाही. तरी १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने त्यांचे कार्य आपलेसे केले.

आज स्तनातली गाठ लहान असेल, तर बहुधा स्तन राखता येतो. औषधांनी योनिमार्ग कोरडा पडला, तर वंगण आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारांनी तो आखडू नये म्हणून साधने आहेत. उपाय आहेत, पण संकोचही आहे. तो आधी डॉक्टरांनी मोडावा. विचारण्याची पाळी बाईवर येऊ नये, एवढेच माझे मागणे.