काटकुळ्या पोराचं कोलेस्टेरॉल

टाइप वन मधुमेहाच्या मुलाचा लिपिड रिपोर्ट आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ट्रायग्लिसराइड कमी, एचडीएल 68. ‘चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे, पोरगं काटकुळं आहे, फक्त शुगर सांभाळा.’ असं नातेवाईकच नव्हे, जाणतेही सांगतात. कोलेस्टेरॉल हे पोट सुटलेल्या टाइप टूवाल्यांचं दुखणं, हा या मताचा पाया. तो कच्चा आहे.

आधी ते 68 पाहू. स्वादुपिंडातलं इन्सुलिन सर्वांत आधी यकृतात जातं. टोचलेलं इन्सुलिन पोटाच्या कातडीखालून थेट अंगभर पसरतं. चरबीला आणि स्नायूंना ते नेहमीपेक्षा जास्त मिळतं, तिथलं ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइम जोरात चालतं आणि एचडीएल चढतं. म्हणजे हा आकडा बऱ्याच अंशी सुईची करामत. धमन्या धडधाकट असल्याचा दाखला नव्हे. चार दिवस डोस चुकवा, याच मुलाचं ट्रायग्लिसराइड असं उसळतं की कधीकधी नळीतलं सीरम दुधाळ दिसतं.

‘शुगर सांभाळा’ हे खरंच. अमेरिका-कॅनडातल्या 1441 जणांवरच्या डीसीसीटी अभ्यासात काटेकोर नियंत्रण ठेवलेल्यांना पुढे झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका 57 टक्क्यांनी कमी असल्याचं 2005 मध्ये दिसलं. पण ‘फक्त’ कशासाठी? स्वीडनच्या नोंदींवरचा 2014 चा अभ्यास सांगतो, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, 6.9 टक्के किंवा त्याखाली असूनही टाइप वनवाल्यांचा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या जवळपास तिप्पट. रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल यांचा हिशेब शुगरच्या खात्यात मिटत नाही. दहाव्या वर्षी आजार जडलेल्याच्या धमन्यांनी चाळिशीपर्यंत तीस वर्षं साखर सोसलेली असते. शेजाऱ्याला चालणारं एलडीएल त्याला चालेलच असं नाही.

मग प्रत्येक पोराला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, द्यायची? मुळीच नाही. 443 किशोरांवरच्या 2017 च्या चाचणीत स्टॅटिनने एलडीएल उतरलं, लघवीतल्या अल्ब्युमिनवर मात्र परिणाम दिसला नाही. प्रतिपक्षाचा हा मुद्दा मान्य. चाळिशीनंतर मात्र तोल स्टॅटिनकडे झुकतो; विशीतिशीत मूत्रपिंड कुरकुरत असेल, घराण्यात लवकर आलेले झटके असतील, तर त्याआधीही. ‘त्याने शुगर वाढते’ ही हरकत रोज इन्सुलिनचा डोस मोजून घेणाऱ्याच्या बाबतीत फारच लंगडी. मूल हवं असलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिथे गोळीचा निर्णय गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून व्हावा, आणि तिथे आमचाही आग्रह नाही.