मोरियाचं दार

गेल्या शुक्रवारी ऑफिसात पुन्हा एकदा पासवर्ड बदलला. दर तीन महिन्यांनी बदलायचा, त्यात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि मागचे पाच पासवर्ड चालणार नाहीत. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने तो शांतपणे पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि मॉनिटरला चिकटवून टाकला. मी हसलो, आणि एकदम मोरियाचं दार आठवलं. तिथेही पासवर्ड दारावरच लिहिलेला होता!

(मोरया नव्हे हो, मोरिया. आपल्या गणपतीबाप्पाचा इथे काही संबंध नाही.)

टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग १९५४ साली आला. त्यावरचा सिनेमा २००१चा, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात ही मंडळी रात्री एका काळ्या तळ्याच्या काठी, डोंगराच्या सपाट कड्यासमोर येऊन उभी राहतात. दार कुठेच दिसत नाही. मग चंद्र वर येतो आणि दगडावर चांदीच्या रेघा उमटतात. ऐरण, हातोडा, मुकुट, सात तारे, दोन झाडं आणि मधोमध एक मोठा तारा. ही अक्षरं 'इथिल्दिन' नावाच्या धातूची. चांदण्यात किंवा ताऱ्यांच्या उजेडातच ती दिसतात, आणि तीही योग्य शब्द उच्चारून कुणी हात लावला तरच. टोल्किनने या दाराचं चित्र स्वतः काढलं होतं आणि ते पुस्तकात छापलेलं आहे.

सिनेमात हा प्रसंग पाच मिनिटांत संपतो. पण पुस्तकाच्या शेवटी टोल्किनने आपल्या जगाची सनावळी दिली आहे. ती उघडून बसलं की या दाराला केवढा इतिहास आहे ते कळतं.

मोरियाचं मूळ नाव खझद-दूम. डोंगराच्या पोटात ड्वॉर्फ लोकांनी, म्हणजे दाढीवाल्या बुटक्या खाणकामगारांनी, कोरून काढलेलं हे शहर. दुसऱ्या युगाच्या ७५० सालाच्या सुमारास त्याच्या पश्चिमेला एल्फ लोकांनी एरेगिऑन नावाचं राज्य वसवलं. एल्फ आणि ड्वॉर्फ यांचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण इथे मात्र दोघंही कारागीर होते. खाणीतून मिथ्रिल नावाचा मौल्यवान धातू निघायचा, आणि त्याचं सोनं करणारे हात शेजारीच होते. येणं-जाणं वाढलं, तेव्हा शेजाऱ्यांसाठी पश्चिमेला हे दार झालं. दगडाचं काम नार्वी या ड्वॉर्फचं, आणि वरची नक्षी केलेब्रिंबोर या एल्फची. दोघांचीही नावं दारावर कोरलेली आहेत. दोन टीमनी मिळून केलेल्या कामावर दोघांचीही नावं येणं किती दुर्मिळ असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता पासवर्ड. गँडाल्फसारखा जादूगार तिथे बसून एकेक मंत्र म्हणून थकतो. एल्फांचे, माणसांचे, अगदी ऑर्क राक्षसांचेसुद्धा. शेवटी काठी फेकून देतो. गोंधळ होता एका स्वल्पविरामाचा. दारावरच्या मजकुरात बोलायला सांगितलं होतं आणि 'मित्र' हा शब्द होता. गँडाल्फला वाटलं, मित्राला उद्देशून आहे, काहीतरी बोल म्हणतायत. प्रत्यक्षात तो शब्दच बोलायचा होता. एल्फ भाषेत मित्र म्हणजे 'मेल्लॉन'. तेवढं म्हटलं आणि दार उघडलं.

आपण 'तिळा तिळा दार उघड' ऐकत वाढलो. तिथे चोरांचा खजिना होता, म्हणून शब्द गुप्त. इथे गुप्त ठेवण्यासारखं काही नव्हतंच. गँडाल्फ सांगतो त्याप्रमाणे पूर्वी हे दार बहुधा उघडंच असायचं आणि द्वारपाल बसलेले असायचे. बंद असलंच तर शब्द म्हणायचा आणि आत जायचं. तो पासवर्ड नव्हताच मुळी, ते नुसतं 'या, बसा' होतं. सुखाच्या दिवसांत लिहिलेलं ते साधं वाक्य. पुढे संशयाच्या दिवसांत वाचणाऱ्याला ते कोडं वाटलं.

मग हे सुखाचे दिवस संपले कसे?

१२०० सालाच्या सुमारास एरेगिऑनमध्ये एक पाहुणा आला. देखणा, हुशार, नाव अन्नातार. नव्या विद्या शिकवायला तयार. काही जणांना शंका आली, पश्चिमेकडच्या गिल-गॅलड राजाने त्याला थारा दिला नाही. पण एरेगिऑनच्या कारागिरांनी त्याला घरात घेतलं. तो होता सॉरॉन. त्याच्याच शिकवणीतून अंगठ्या घडल्या, आणि १६००च्या सुमारास त्याने सगळ्यांवर ताबा ठेवणारी एक अंगठी गुपचूप स्वतःसाठी घडवली. केलेब्रिंबोरच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. १६९७ साली सॉरॉनने एरेगिऑन बेचिराख केलं. केलेब्रिंबोरचा छळ करून त्याला ठार मारलं. एल्फांच्या तीन अंगठ्या कुठे आहेत ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ज्याने दारावर 'मित्र' लिहिलं, त्याचा घात मित्र म्हणून आलेल्यानेच केला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

त्या वर्षी ड्वॉर्फ मोरियातून बाहेर पडले, सॉरॉनच्या फौजेवर मागून तुटून पडले, त्यामुळे एल्रॉन्डला आपली माणसं घेऊन निसटता आलं. म्हणजे मैत्री शेवटपर्यंत पाळली गेली. मग ते आत परतले आणि दारं बंद झाली.

सिक्युरिटीवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, बरोबरच केलं. दार मजबूत होतं, सॉरॉनला ते फोडता आलं नाही. पण पुढे बघा. तिसऱ्या युगात १९८० साली मिथ्रिलच्या हावेपायी खोल खोदताना बॉलरॉग नावाचा आगीचा राक्षस जागा झाला आणि वर्षभरात मोरिया ओस पडलं. संकट दारातून आलंच नाही, ते खालून आलं. २९८९ साली बालिन माणसं घेऊन मोरिया पुन्हा वसवायला निघाला. पाचच वर्षांत पूर्वेकडून ऑर्क चालून आले आणि पश्चिमेच्या दाराबाहेर तळ्यातला राक्षस टपलेला. त्याच भक्कम भिंतींच्या आत सगळे कोंडून मेले. दार एकदाही हरलं नाही, घर मात्र गेलं.

हे मी उगाच सांगत नाहीये. माझ्या जुन्या कंपनीत आम्ही आणि टेस्टिंगची टीम एकाच मजल्यावर बसायचो. काही अडलं की खुर्ची सरकवायची आणि विचारायचं. एका रिलीजमध्ये मोठा घोळ झाला, मीटिंगमध्ये एकमेकांवर ढकलाढकली झाली. त्यानंतर फतवा निघाला : प्रत्येक गोष्ट तिकीट टाकूनच. तिकिटं चोख होती, घोळ कमी झाले नाहीत. टेस्टिंगमधला माझा चांगला मित्र होता, त्याच्याशी त्या मीटिंगनंतर मी धड बोललोच नाही. नंतर कंपनी सुटली. सहा वर्षं झाली.

मोरियाच्या दारात उभं असताना गिम्ली ड्वॉर्फ आणि लेगोलस एल्फ हेच भांडत असतात, की जुनी मैत्री तुटली ती चूक कुणाची? गँडाल्फ म्हणतो, ते राहू दे, तुम्ही दोघं तरी मित्र व्हा. मंडळी आत जातात, तळ्यातला राक्षस मागून दार आपटून बंद करतो आणि बाहेर झाडं-दगडांचा ढीग रचतो. १३ जानेवारी ३०१९. नार्वी आणि केलेब्रिंबोरची कलाकृती संपली. पण त्या प्रवासाच्या अखेरीस गिम्ली आणि लेगोलस जिवाभावाचे दोस्त झालेले असतात. शब्द दारावरून पुसला गेला, पण त्याआधी दोघांपर्यंत पोचला होता.

असो. त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. बदलला नसेल अशी आशा. उद्या रविवार आहे, लावून बघतो.